आधी हरवलेली माणसं

२८ मार्च २००४, रविवार

हो म्हणून बसले. आता निस्तरायला हवं.

यात्री-मित्र मंडळाचे सचिव गोपाळकृष्णजी सकाळी घरी आले होते. सिंहस्थ आठवड्यावर आलाय आणि मंडळाला त्यांची दोन हरवले-सापडले केंद्रं कॉम्प्युटरनं जोडून हवी आहेत. एक राम घाटावर, एक देवास गेटला बस स्टँडसमोर. "मॅडम, वीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवताय. एक महिना भगवान के नाम." घाटावर एक कॅमेराही लागणार आहे. स्नानाचे दिवस इंटरनेटवर थेट दिसणार, परदेशातले मंडळाचे आश्रयदाते बघणार. कॅमेऱ्याबद्दल बोलताना त्यांचा चेहरा जेवढा उजळला तेवढा हरवलेल्या माणसांबद्दल बोलताना उजळला नव्हता. ते मला दिसलं, तरी हो म्हटलं.

ह्यांनी चहा आणला, कप ठेवले आणि आत गेले. बँकेतून व्हीआरएस घेतल्याला तीन वर्षं झाली. तिथे कॉम्प्युटर आले आणि माणसं घरी गेली. मी कॉम्प्युटर शिकवते आणि हे घरी बसतात. यावर आम्ही कधी बोललो नाही. गोपाळकृष्णजी गेल्यावर एवढंच म्हणाले, "छत्री घेऊन जात जा. ऊन आहे."

एवढंच? मला चीड आली. कशाची, ते नीट सांगता येत नाही.

२ एप्रिल

घाटावरच्या पत्र्याच्या खोलीत माझं बिऱ्हाड. पुढच्या अर्ध्या भागात जयूचं टेबल आणि माइक, मागे मी आणि मशीन. जयू टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. माझ्याहून मोठी आहे, पण जयूताई म्हटलं की भांडते.

अडचण अशी की घाटावरून देवास गेटकडे जायला एकच वाट आहे: दोन गच्च्यांवर बसवलेले बिनतारी रेडिओ. ती वाट अरुंद. त्यातूनच कॅमेऱ्याचं चित्र जाणार, पत्रकारांचे फोटो जाणार, मंडळाच्या ऑफिसचं सगळं जाणार आणि हरवलेल्यांची माहितीही.

म्हणून कॉलेजच्या भंगारातला एक जुना पीसी आणला आणि त्यावर फुकट मिळणारी सिस्टिम चढवली. सगळ्या वायरी नेटवर्कच्या एका डबीत, स्विचमध्ये, येतात आणि स्विच प्रत्येकाच्या डेटाला टॅग लावतो: हा कॅमेऱ्याचा, हा प्रेसचा, हा जयूचा. टॅगवर शून्य ते सात असा एक आकडाही असतो. सात म्हणजे सगळ्यात आधी. पीसी तो टॅग वाचतो आणि कुणाला आत सोडायचं, कुणाला थांबवायचं ते ठरवतो. मी त्याला गाळणी म्हणते.

जयूला समजावलं तर म्हणाली, "म्हणजे महाकालची लाइनच की ग. पासवाले इकडून, बाकी तिकडून." मग चष्म्यावरून बघत, "आणि पास कोण देणार? तू?"

मी हो म्हटलं. म्हणताना बरं वाटलं. घरी मला भाजी कुठली हेसुद्धा ठरवायला नको असतं.

५ एप्रिल, चैत्री पौर्णिमा

पहिलं स्नान. एकशे बारा माणसं हरवली, त्यात ऐंशीच्या वर बायका.

आमचा फॉर्म पहिल्याच तासात आपटला. पहिला रकाना नाव, दुसरा पतीचं नाव. बाई स्वतःचं नाव सांगते, ते असतं गंगा. गंगाबाई दर दहा मिनिटाला एक येते. पतीचं नाव विचारलं की पदर तोंडात. "उनको नाम कैसे लूँ, बेन? पाप लगे." एकीनं कोडं घातलं, "वो, जो पूनम को पूरो होय." जयू माइक बाजूला ठेवून म्हणाली, "पूनमचंद?" बाई लाजून नुसती मान हलवत राहिली. तिचा नवरा पाच मिनिटांत सापडला. पण सगळ्यांना कोडी येत नाहीत.

गाव विचारावं तर पिपल्या. या भागात पिपल्या किती आहेत, कुणाला ठाऊक. एक बाई तर चिडलीच: "पिपल्यो यानी पिपल्यो! कितरा होय?"

म्हणजे नावानं काम होणार नाही. फोटो पाठवायला हवा, तो देवास गेटच्या पडद्यावर दिसला की घरचे ओळखतात. मग तिथे त्या दिवशीच्या तारखेचा फोटो असलेली चिठ्ठी छापतात, ती दाखवली की बॅरिकेडवरचे लोक घरच्यांना घाटाकडे सोडतात.

आज एका फोटोला अकरा मिनिटं लागली. पुढे कॅमेरा होता.

९ एप्रिल

नियम बदलले. जयूच्या टॅगला सात, ऑफिसला चार, प्रेसला तीन, कॅमेऱ्याला दोन. फोटो चाळीस सेकंदांत देवास गेटला. तिथे अश्विनी बसते, माझी जुनी विद्यार्थिनी. तिनं लिहून पाठवलं, "मॅडम, जादू!" जादू नाही ग. कुणीतरी ठरवलं की आधी कोण, एवढंच.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं. बायका नाव घेत नाहीत ते ऐकून हे हसले. तीन वर्षांनी हसताना पाहिलं. "हसण्यासारखं काय आहे?" म्हटलं, तर म्हणाले, "काही नाही," आणि पेपर उघडला.

१६ एप्रिल

चिठ्ठ्या यायला लागल्या आहेत. महाकालच्या दर्शनाला जशा येतात तशाच. "प्रेसवालों को जरा आगे कर दीजिए." "पाहुण्यांच्या तंबूत इंटरनेट हळू चालतंय, सहकार्य करावं." खाली गोपाळकृष्णजींची सही. मंडळाचे डॉक्टर स्वतः आले, तेही म्हणाले, "मॅडम, एक पास आमचाही."

या गावात रांग आहे म्हटलं की दुसरा दरवाजा असतोच, आणि तो माहीत असणं हीच माणसाची पत. मीही माहेरच्यांना तसं दर्शन घडवलंय. तेव्हा नाही वाटलं काही.

नाही म्हणायची सवय नाही मला. प्रेसला सात दिला, पाहुण्यांना सात, डॉक्टरांना सात. शेवटी कॅमेऱ्यालाही. सगळे खूश. गोपाळकृष्णजींनी पेढे पाठवले.

२२ एप्रिल, अक्षय्य तृतीया

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळी नऊला एक म्हातारी आली. निळं लुगडं, हातात पितळी लोटा. नाव सांगितलं भोला की माँ, गाव पिपल्या. पुढे काही नाही. जयूनं फोटो काढला, पाठवला.

तो फोटो दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी देवास गेटला पोचला. तीन तास.

दहाच्या सुमारास भोला आणि त्याची माणसं अश्विनीसमोर उभी होती. तिनं पडद्यावर सगळे फोटो दाखवले. त्यांत आई नव्हती. कुणीतरी म्हणालं, गावच्या बायकांबरोबर पुढे निघाली असेल. ते बसमध्ये बसून गेले. अश्विनीनं गाव लिहून घेतलं होतं. पिपल्या.

दुपारी मी गाळणीसमोर बसून पाहिलं. सगळ्यांवर सात. सगळेच व्हीआयपी झाले की दरवाजा एकच उरतो आणि जो अंगानं दांडगा तो पुढे घुसतो. कॅमेरा दांडगा आहे. बिघाड मशीनमध्ये नव्हता. त्याला मी सांगितलं तेच त्यानं केलं.

म्हातारीनं मला विचारलं, "बेन, भोलो आयो?" तिला येईल म्हणाले. मी काय म्हणून तसं म्हणाले?

२३ एप्रिल

गाळणीतले सगळे सात काढले. जयूला सात, डॉक्टरांना पाच, बाकी सगळे खाली. कुणाला विचारलं नाही.

भोलाची आई पत्र्याखालीच झोपते. सकाळी जयूचं टेबल लोट्यातल्या पाण्यानं पुसते. जयू म्हणते, "हिला पर्मनंट करून घेऊ."

म्हातारीच्या फोटोच्या मी काल सहा प्रती छापून पिशवीतून घरी नेल्या-आणल्या होत्या, आता त्यांतल्या पाच दिसत नाहीत. ऑफिसातले लोक कागद पाठकोरे वापरायला नेतात. यांना काही म्हणजे काही वाटत नाही.

२५ एप्रिल

मंडळाची बैठक. गोपाळकृष्णजी एकदम गोड.

"मॅडम, चार मेचं शेवटचं शाही स्नान. पूरी दुनिया बघणार. त्या दिवशी चित्र एक सेकंद अटकायला नको. कॅमेऱ्याला एक नंबर देऊन टाका."

"एक नंबर?"

"एकदम एक नंबर. पाहिजे तर लेखी देतो."

आणि खरंच दिलं. सहीशिक्क्यासह. *कॅमेऱ्यास क्रमांक एक देण्यात यावा.*

टॅगच्या हिशोबात एक म्हणजे सगळ्यात शेवटचा, शून्याच्याही मागे; विचित्र आहे, पण नियमच तसा. त्यांना ते माहीत नाही. जयूला सांगितलं तर हसून हसून तिला ठसका लागला. "दे की मग! लेखी आहे! देऊन टाक आणि गप्प बस."

रिक्षात बसून घरी येईपर्यंत मलाही मजा वाटत होती. मग वाटेना. वीस वर्षं मी अशीच जगत आलेय. समोर हो आणि मागून आपलं तेच. कॉलेजात, सासरी, सगळीकडे. बायकांना ते छान जमतं म्हणतात. पण बावीस तारखेपासून एक म्हातारी रोज मला विचारते, भोलो आयो? तिच्यासाठी मला चोरून काही करायचं नाही. तोंडावर सांगायचंय.

२६ एप्रिल

पत्र दिलं. नक्कल इथे उतरवून ठेवते.

"आपल्या पत्रातील क्रमांक एकचा अर्थ या यंत्रणेत सर्वांत शेवटचा असा होतो. आपणांस तो अर्थ अभिप्रेत नव्हता हे मी जाणते, म्हणून त्याचा फायदा घेत नाही. आपणांस अभिप्रेत असलेला अग्रक्रम मी कॅमेऱ्यास देणार नाही. आधी हरवलेली माणसं जातील, मग जागा उरेल तसे बाकीचे. चार मे रोजीही."

दोनदा वाचून खाली सही केली. अक्षर चांगलं आलं.

हे पत्र वाचत उभे होते. म्हटलं, आता म्हणतील कशाला भानगडीत पडतेस. म्हणाले, "त्या मशीनचा पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे?"

"ऑफिसात लिहून दिलाय. का?"

"बदल."

बँकेतली सवय, दुसरं काय. मनात म्हटलं, दोन शब्द बरं म्हणाले असते तर? पण पासवर्ड बदलला.

२९ एप्रिल

दोन दिवसांपूर्वी ऑफिसच्या माणसानं गाळणीत शिरायचा प्रयत्न केलेला दिसतोय. सात वेळा जुना पासवर्ड टाकलाय. बरं झालं बदलला.

घरचं वेगळंच. हे आठवडाभर सकाळी सातला बाहेर पडतात ते दिवेलागणीला येतात. काळेठिक्कर पडलेत. चपलेचा अंगठा तुटला. शर्ट धुवायला काढला तर खिशात बसची तिकिटं: तराना, महिदपूर, बडनगर. विचारलं तर "असंच, फिरायला." सिंहस्थात पोक्त माणसं कुठल्या तरी बाबाच्या नादी लागतात असं ऐकलंय. तीन वर्षं गप्प बसलेला माणूस वैराग्य घेणार असेल तर तो आधी सांगेल का? रात्री त्यांच्या पायाला तेल लावू का विचारलं. नको म्हणाले, आणि लगेच झोपले.

२ मे

गोपाळकृष्णजींनी निरोप पाठवला: चार तारखेला केंद्र आवरायचं. ज्यांचं कुणी आलं नाही त्यांना साडेअकराच्या गाडीनं दुसऱ्या शहरातल्या निराधार आश्रमात पाठवायचं. यादीत सात नावं. सहावं, *भोला की माँ*.

तिला सांगितलं. तिनं लोटा कुशीत घेतला. "उठे भोलो आयेगो?" तिथे येईल का तो, एवढंच तिला विचारायचं होतं. जयूसारखी जयू, उठून बाहेर गेली.

४ मे, वैशाखी पौर्णिमा

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

पहाटे चारपासून घाट भरला. साडेदहाला गोपाळकृष्णजी खोलीत आले. नवा कुर्ता, गळ्यात तीन हार.

"मॅडम, चित्र अटकतंय. बाहेरच्या देशातून फोन येतायत. आखाडा पाण्यात उतरतो आणि सगळ्यांचे चेहरे चौकोन चौकोन!"

"सकाळपासून दोनशे फोटो गेलेत. लहान पोरं आहेत त्यांत."

"अहो, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे! फिर आपका ही राज."

मी गाळणीकडे पाठ करून उभी राहिले. माझी उंची पाच फूट. "नाही."

"मॅडम, मी तुम्हाला या क्षणी काढू शकतो."

"काढा. लेखी द्या. पण नवीन माणसाला पासवर्ड संध्याकाळी मिळेल, घाट रिकामा झाल्यावर."

"हे बरोबर नाही हं. मी तुमच्या मिस्टरांशी बोलतो."

"बोला. तुम्हाला सापडले तर मलाही सांगा, ते कालपासून गायब आहेत."

पुढून जयूचं हसू ऐकू आलं. गोपाळकृष्णजी जाईनात. तिथेच स्टुलावर बसले आणि घड्याळ बघत राहिले. मला वाटलं, चुकतेय का मी? त्या लोकांनीही पैसे दिलेत, श्रद्धेनं बसलेत सात समुद्रांपलीकडे. पण त्यांचं स्नान चौकोनात दिसलं तरी ते रात्री आपल्या घरीच झोपणार आहेत.

अकरा वाजून वीस मिनिटांनी बाहेर गाडीनं हॉर्न दिला. भोलाच्या आईला चढवलं होतं. खिडकीतून लोटा दिसत होता. त्या वेळी पडद्यावर अश्विनीची ओळ आली:

*पिपल्याचे लोक आलेत. भोला. आई तिथेच आहे ना???*

जयूनं ती वाचली आणि माइक चालू आहे हे विसरून ओरडली, "ए गाडीवाले, रुक! रुक म्हणते ना!" सबंध राम घाटानं ते ऐकलं. पाण्यातले चार साधूसुद्धा थांबले असतील.

म्हातारीला उतरवलं. आजच्या तारखेचा फोटो काढायला बसवलं तर ती पदर पुढे ओढायला लागली. जयू म्हणाली, "अब शरमाओ मत अम्मा, भोला देखेगा." भोलाचं नाव ऐकून तिनं वर पाहिलं आणि तोच फोटो गेला.

मी आकडे बघत होते. कॅमेरा मागे ढकलला गेला. प्रेस मागे. सदतीस सेकंद. गोपाळकृष्णजी माझ्या खांद्यावरून बघत होते. "पोचला?" त्यांनी विचारलं. आवाज वेगळा होता. "पोचला," म्हटलं. ते गळ्यातले हार सावरत बाहेर गेले.

चिठ्ठी छापली, बॅरिकेड पार करायला त्यांना पाऊण तास लागला. सव्वाबाराला पाचजण आले. पुढे भोला. वय असेल पन्नास. आईला बघून खाली बसला तो बसलाच. आई त्याच्या डोक्यावर टपल्या मारत होती, "कठे गयो थो रे? हैं? कठे गयो थो?"

त्यांच्या मागे, हातात माझी छत्री घेऊन, हे.

मला काही कळेना. भोलानंच सांगितलं. हे बाबूजी फोटो घेऊन अकरा पिपल्या फिरले. दर गावात पारावर बसले, बायकांना फोटो दाखवला. बाराव्या पिपल्यात सुनेनं लुगडं ओळखलं. काल रात्री हे तिथेच राहिले. मी त्यांना बाबाच्या पंडालात समजत होते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझ्यामागे किती लोक लागले होते," हे म्हणाले. "माझं काही अर्जंट नव्हतं."

पाच प्रती. कागद पाठकोरे वापरायला.

जयूनं रजिस्टर उघडलं. शेवटचा रकाना, शोधून आणणाऱ्याचं नाव. पेन माझ्यापुढे धरून म्हणाली, "काय लिहू ग? 'हे'?"

ही वही मी चाळली नव्हती तरी मला कळलं. अठ्ठावीस मार्चपासून ह्यांचं नाव एकदाही लिहिलं नाही. इथेसुद्धा, जिथे कुणी बघत नाही.

मी माइक ओढून घेतला. "भोला की माँ अपने घरवालों को मिल गई हैं. उन्हें ढूँढ़कर लाए..." लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं, त्याला चोवीस वर्षं झाली. "ढूँढ़कर लाए श्रीपाद."

घाटाच्या दोन्ही तीरांवर भोंगे आहेत. पलीकडून नाव परत आलं.

श्रीपादनं छत्री उघडली आणि तिच्यामागे तोंड लपवलं. भोलाच्या आईनं तर दोन्ही हात गालांना लावले, "हाय राम, नाम ले लियो! आपणा घरवाला को!"

"लियो," मी म्हटलं. "कईं नी हुयो." काही बिघडलं नाही.

तिनं पदर सावरला. मग मला जवळ बोलावलं, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि तिच्या नवऱ्याचं नाव सांगितलं. अगदी हळू, लोट्यात पाणी ओतावं तसं. सांगून झाल्यावर इतकी हसली की दात नसलेलं तोंड सगळं दिसलं.

ते नाव मी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही. इथेही लिहीत नाही. तिनं मला सांगितलंय.

५ मे

गाळणी सकाळी बंद केली. मंडळाच्या आभारपत्रात माझं नाव नाही. जयूचं आहे, तिनं ते कापून माझ्या टेबलावर चिकटवलंय. गोपाळकृष्णजींनी विचारलंय, पुढच्या वर्षी महाकालच्या श्रावणातल्या सवारीच्या मिरवणुकीला ही यंत्रणा लावता येईल का, नियम कुणाचे राहतील?

उत्तर लिहून ठेवलंय. एकच ओळ आहे: आधी हरवलेली माणसं.

श्रीपाद चपलेला अंगठा लावून आणायला गेलाय.